सँडबॉक्समधील फाइल-साठवण

मोबाईल ॲपला फोनच्या साठवणीत जी स्वतंत्र, बंदिस्त जागा मिळते तिला सँडबॉक्स म्हणतात. या जागेत ॲप हवे ते लिहू, वाचू आणि पुसू शकते. बाहेर पडायचे तर प्रणालीने मुद्दाम ठेवलेल्या दारांतूनच जावे लागते. जुन्या घडणीच्या संगणकावर एका वापरकर्त्याने चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या सगळ्या फाइली दिसत. मोबाईलवर मालकी वापरकर्त्याऐवजी ॲपकडे जाते.

ही भिंत दोन्ही प्रमुख प्रणालींत वेगवेगळ्या पद्धतीने उभारलेली आहे. अँड्रॉइडने लिनक्सची जुनीच सोय वापरली: ॲप बसवताना त्याला 10000 पासून पुढचा एक युजर आयडी मिळतो आणि त्याचे फोल्डर त्या आयडीच्या मालकीचे होते. आयओएसवर बाहेरून बसवलेली ॲप एकाच युजरखाली चालतात, पण कोणती फाइल उघडू द्यायची हे कर्नल (प्रणालीचा गाभा) प्रत्येक वेळी ॲपच्या सँडबॉक्स-नियमांवरून ठरवतो.

पत्ता बदलतो

या विषयातली सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता (फोल्डरांच्या नावांसह तिचा मार्ग) डेटाबेसमध्ये साठवणे. आयओएसवर ॲपच्या फोल्डरचे नाव हा एक लांबलचक यादृच्छिक ओळख-क्रमांक असतो आणि ॲप अद्ययावत झाले किंवा बॅकअपमधून परत आणले की तो बदलू शकतो. आतल्या फाइली नव्या जागी सुखरूप असतात, पण डेटाबेसमधला पत्ता जुन्या, आता नसलेल्या फोल्डरकडे बोट दाखवत राहतो. वापरकर्त्याला दिसते ते एवढेच, की अपडेटनंतर सगळे फोटो कोरे झाले. विकासकाच्या फोनवर हा दोष कित्येकदा पहिल्याच पुनर्बांधणीनंतर दिसतो आणि ‘डेटा उडाला’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

उपाय सोपा आहे. मूळ फोल्डर कुठे आहे हे प्रत्येक वेळी प्रणालीला विचारावे आणि साठवताना त्यापुढचा सापेक्ष भागच ठेवावा, उदाहरणार्थ ‘चित्रे/102’. पूर्ण पत्ते आधीच साठवले गेले असतील तर जुन्या पत्त्यातला ‘डॉक्युमेंट्स’ या फोल्डरच्या नावानंतरचा तुकडा काढून तो आजच्या मूळ फोल्डरला जोडला की फाइली बहुधा सापडतात. अँड्रॉइडवर अंतर्गत फोल्डरच्या पत्त्यात पॅकेजचे नाव असल्यामुळे तो बराच स्थिर वाटतो. तरी ॲप मेमरी कार्डावर हलवले किंवा कार्यालयीन प्रोफाइलमध्ये बसवले की तोही वेगळा असतो. नियम दोन्हीकडे एकच.

कोणती फाइल कुठे

जागा निवडताना फाइलच्या प्रकारापेक्षा एक प्रश्न अधिक उपयोगी पडतो: ही फाइल नाहीशी झाली तर ती पुन्हा तयार करता येईल का?

आयओएसवर वापरकर्त्याने स्वतः निर्माण केलेली सामग्री ‘डॉक्युमेंट्स’मध्ये जाते. ॲपला लागणाऱ्या पण वापरकर्त्याला दाखवायची गरज नसलेल्या फाइली, मुख्यतः डेटाबेस, ‘लायब्ररी’तल्या ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मध्ये ठेवाव्यात. हे फोल्डर नव्या ॲपमध्ये आपोआप तयार झालेले असेलच असे नाही. ते आधी न बनवता फाइल लिहायला गेल्यास ‘फाइल अस्तित्वात नाही’ अशी त्रुटी, कोको (ॲपलची प्रोग्रॅमिंग-चौकट) हिचा त्रुटी-क्रमांक 4, येते आणि नवखा माणूस तासभर फाइलच्या नावातच चूक शोधत बसतो. पुन्हा उतरवता येणारी सामग्री ‘कॅशेस’मध्ये ठेवावी. जागा कमी पडली की प्रणाली ते फोल्डर ॲपला न विचारता रिकामे करते. ‘टेंप’ फोल्डर चालू कामापुरते. या दोन्हींचा बॅकअप होत नाही. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’चा होतो, म्हणून तिथे ठेवलेल्या मोठ्या, पुन्हा मिळू शकणाऱ्या फाइलींवर ‘बॅकअपमधून वगळा’ ही खूण करावी लागते. फाइल नव्याने लिहिली की खूण जाऊ शकते, तेव्हा ती प्रत्येक लेखनानंतर पुन्हा करावी.

अँड्रॉइडच्या अंतर्गत जागेत ‘फाइल्स’, ‘कॅशे’, ‘डेटाबेसेस’, ‘शेअर्ड प्रेफ्स’ आणि ‘नो बॅकअप’ ही फोल्डर असतात. अँड्रॉइड 6 पासूनच्या स्वयंचलित बॅकअपची मर्यादा प्रत्येक ॲपला 25 एमबी आहे. ती ओलांडली तर नवा बॅकअप पाठवलाच जात नाही, त्यामुळे एक फुगलेली फाइल बाकीच्या सगळ्यांचे नुकसान करते.

ॲपसोबत आलेल्या फाइली हा निराळा प्रकार आहे. आयओएसवर त्या सही केलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या गठ्ठ्यात असतात. सिम्युलेटरवर (संगणकावर चालणाऱ्या आभासी फोनवर) त्या गठ्ठ्यात लिहिता येते, खऱ्या फोनवर येत नाही. अँड्रॉइडवरच्या ‘ॲसेट्स’ तर एपीके या झिप फाइलच्या पोटातच असतात, त्यांना स्वतंत्र पत्ता नसतो. आधीच भरलेला डेटाबेस द्यायचा असेल तर तो पहिल्या वेळी लिहिता येणाऱ्या जागेत उतरवून घ्यावा लागतो.

भिंतीपलीकडे

ॲंड्रॉइड 10 (2019) पासून सामायिक साठवण मर्यादित झाली आणि अँड्रॉइड 11 ला लक्ष्य करणाऱ्या ॲपना जुनी पद्धत चालू ठेवण्याची सवलतही उरली नाही. फोटो-ध्वनी-चित्रफिती मीडियास्टोअर या प्रणालीच्या सामायिक माध्यम-सूचीमार्फत आणि इतर दस्तऐवज प्रणालीच्या निवड-खिडकीतून मिळवावे लागतात. ही खिडकी देते तो ‘कंटेंट’ने सुरू होणारा दुवा म्हणजे पत्ता नव्हे. त्यातून फोल्डरचा मार्ग खरवडून काढणारी कोडची तुकडेबाजी इंटरनेटवर भरपूर मिळते, पण फाइल फोनवर नसून क्लाउडवर असली की ती कोलमडते. दुव्यावरून थेट प्रवाह उघडून वाचावे. फोन पुन्हा सुरू झाल्यावरही दुवा हवा असेल तर निवडीच्या वेळीच कायम परवानगी घ्यावी. आपली फाइल दुसऱ्या ॲपला द्यायची तर फाइल-प्रोव्हायडर वापरावा; तो पत्त्याऐवजी असाच ‘कंटेंट’चा दुवा देतो. अँड्रॉइड 7 ला किंवा पुढच्या आवृत्तीला लक्ष्य करणाऱ्या ॲपने थेट पत्ता पाठवला तर ॲप बंद पडते.

आयओएसवर निवडलेली बाहेरची फाइल वाचण्याआधी प्रवेश ‘सुरू’ आणि वाचून झाल्यावर ‘बंद’ असे सांगावे लागते. पुढे वापरायची तर तिचा बुकमार्क (तिच्याकडे पुन्हा नेणारी खूण) साठवतात. स्वतःचे ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर ‘फाइल्स’ ॲपमध्ये दाखवण्यासाठी माहिती-फाइलमध्ये दोन नोंदी लागतात, एक फाइल-सामायिकरणाची, दुसरी दस्तऐवज जागच्या जागी उघडण्याची. विजेटसारख्या विस्ताराला मुख्य ॲपचे फोल्डर दिसत नाही. दोघांसाठी ॲप-गटाचे सामायिक फोल्डर घ्यावे लागते.

विकासकाने फाइल शोधणे

सिम्युलेटरच्या फाइली मॅकवरच असतात, सिमसीटीएल या आज्ञेने ॲपच्या फोल्डरचा आजचा पत्ता मिळतो. खऱ्या आयफोनसाठी एक्सकोड या ॲपलच्या विकास-साधनाच्या उपकरण-खिडकीतून विकासासाठी बसवलेल्या ॲपचा संपूर्ण कंटेनर (त्याचे सगळे फोल्डर) उतरवता येतो. अँड्रॉइड स्टुडिओत उपकरण-शोधक असतो आणि संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या एडीबीमध्ये ‘रन-ॲज’, म्हणजे ॲपच्या युजर आयडीखाली काम करण्याची, आज्ञा. डीबग नसलेल्या, दुकानातून बसवलेल्या आवृत्तीवर ही आज्ञा नकार देते.

एसक्यूलाइट या ॲपमधल्या डेटाबेस-प्रणालीचा डेटाबेस बाहेर काढताना एकच फाइल उचलली तर ताज्या नोंदी गायब दिसतात. वॉल पद्धतीत (नवे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याच्या रीतीत) त्या शेजारच्या ‘वॉल’ फाइलमध्ये थांबलेल्या असतात. मुख्य, ‘वॉल’ आणि ‘एसएचएम’ या तिन्ही फाइली एकत्र घ्याव्यात किंवा आधी चेकपॉइंट करावा, म्हणजे त्या नोंदी मुख्य फाइलमध्ये उतरतात.

फाइल आहे आणि तरी सापडत नाही, अशा वेळी नावाकडे पाहावे. आयफोनवर लहान-मोठ्या अक्षरांत भेद केला जातो, मॅकवर सहसा नाही, म्हणून सिम्युलेटरवर चालणारे कोड फोनवर अडखळते. अँड्रॉइडवर नावाची मर्यादा 255 बाइट आहे. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलंत यूटीएफ-8 या अक्षर-संकेतनात तीन बाइट घेतात, म्हणजे जेमतेम 85 चिन्हे. जोडाक्षरे भरपूर असलेल्या शीर्षकावरून फाइलचे नाव बनवणारे ॲप इथे अडकते.

फाइल योग्य नावाने जागेवर असूनही उघडत नसेल तर फोनला कुलूप आहे का ते पाहावे. आयओएसवर पूर्ण संरक्षण दिलेली फाइल कुलूप लागल्यावर थोड्याच वेळात वाचता येत नाही आणि पार्श्वभूमीतले काम फसते. एरवीचे संरक्षण फोन सुरू झाल्यानंतर पहिल्यांदा कुलूप उघडेपर्यंतच आड येते. अँड्रॉइडच्या नेहमीच्या जागेचेही तसेच.

ॲप काढून टाकले की दोन्ही प्रणालींत त्याची खासगी जागा पुसली जाते. अँड्रॉइडवर मीडियास्टोअरमध्ये ठेवलेले फोटो मागे राहतात, पण ॲप पुन्हा बसवल्यावर ते त्याचे स्वतःचे मानले जात नाहीत आणि वाचायला परवानगी मागावी लागते.