जुन्या बोटीचे पेट्रोल इंजिन आणि ‘झिंक’चा वाद : पार्श्वभूमी

‘जुन्या इंजिनाला लागणारे तेल आता मिळतच नाही,’ ही तक्रार अमेरिकेतल्या बोटमालकांमध्ये वीसेक वर्षे चालू आहे. (आपल्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरना डिझेल इंजिने असल्याने हा वाद इकडे फारसा पोचला नाही.) या तक्रारीचे मूळ मात्र बोटीत नाही, मोटारीच्या धुराच्या नळीत आहे.

झेडडीडीपी हे जस्त आणि फॉस्फरस असलेले द्रव्य १९४० च्या दशकापासून तेलात घातले जाते. सगळे त्याला नुसते ‘झिंक’ म्हणतात. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा म्हणजे कॅम आणि त्यावर टेकलेला दट्ट्या म्हणजे टॅपेट; हे दोन जिथे एकमेकांवर घासतात तिथे उष्णतेने व दाबाने त्याचा पातळ थर बसतो आणि धातूची झीज थांबते. पण तेल थोडे जळतेच, आणि त्यातला फॉस्फरस धुराच्या नळीतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन बसला की कन्व्हर्टर निकामी होऊ लागतो. म्हणून मोटारीच्या तेलातला फॉस्फरस उतरवत आणला गेला. अमेरिकेत मोटारीच्या तेलाला एसजे, एसएम असे दर्जे दिले जातात. १९९६ च्या एसजे दर्जात कमाल ०.१० टक्के, २००४ च्या एसएम दर्जात ०.०८ टक्के. बोटीच्या बहुतेक पेट्रोल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनांना २०१० पर्यंत कन्व्हर्टर नव्हताच. जे यंत्र आपल्याकडे नाही त्याच्या रक्षणासाठी आपला कॅम का झिजवायचा, असा सवाल उठला, आणि तो रास्त होता.

मात्र पुढचा तपशील बहुतेकांनी वाचलाच नाही. एसएमची ती मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा इंधन वाचवणाऱ्या पातळ ग्रेडपुरती (ग्रेड म्हणजे तेलाच्या दाटपणाचा क्रमांक) होती. १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० किंवा सिंगल ग्रेड ३० यांना ती लागू नव्हती, आणि जुन्या बोटींत पडते ते तेल बहुधा याच जाड ग्रेडचे. तरीही ‘झिंक काढून टाकले’ ही हाकाटी इतकी पसरली की वरून ओतायच्या झिंकच्या बाटल्या हातोहात खपू लागल्या. काहीजण डिझेलच्या १५डब्ल्यू-४० कडे वळले. डिझेल तेलाच्या २००६ च्या सीजे-४ दर्जाने तिथेही फॉस्फरसला ०.१२ टक्क्यांची वेस घातली, तेव्हा ओरड पुन्हा सुरू झाली. वास्तविक ०.१२ टक्के म्हणजे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीच्या तेलात चालत होते तेवढेच.

शिवाय झिंकची गरज सगळ्या जुन्या इंजिनांना सारखी नाही. मोटारीवरून बेतलेल्या व्ही-८ मध्ये सपाट टॅपेट आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग असतात. तिथे चिंता खरी आहे. शिडाच्या बोटींत सर्रास दिसणारे अ‍ॅटोमिक फोर हे इंजिन सुमारे ३० अश्वशक्तीचे, १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिलेले, साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) जातीचे. त्याच्या स्प्रिंग इतक्या मऊ की कॅम खाल्ला जाण्याची भीती जवळपास नाहीच. वादात आवाज मात्र याच इंजिनाच्या मालकांचा सर्वांत मोठा.

या गोंगाटात खरा शत्रू बाजूला राहिला, तो म्हणजे पाणी. समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरवायचे तर मीठ साचू नये म्हणून इंजिन ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच ठेवावे लागते. मोटारीचे ८० च्या वर चालते. एवढ्या थंड तेलातून ओल आणि न जळलेले पेट्रोल उडून जात नाही. त्यातून आम्ल तयार होते, गाळ धरतो, आणि बोट महिनोन्‌महिने उभी राहिली की आत गंज चढतो. जुन्या अ‍ॅटोमिक फोरला तर तेलाचा फिल्टरही नव्हता. गाळ तळाशी बसू द्यावा म्हणून अनेकांनी डिटर्जंट (गाळ तेलातच तरंगत ठेवणारे द्रव्य) नसलेले तेल धरून ठेवले आणि तो सल्ला नंतर फिल्टर बसवलेल्या इंजिनांनाही चिकटला.

बोटीच्या चार-स्ट्रोक इंजिनांसाठी एफसी-डब्ल्यू हा वेगळा दर्जा आला तो या पार्श्वभूमीवर. त्यात गंजाची चाचणी आहे, आणि सतत भाराखाली तेल पातळ पडू नये यासाठीही. एका मोठ्या उत्पादकाने आपल्या इंजिनांसाठी २५डब्ल्यू-४० ही मोटारीच्या दुकानात न दिसणारी ग्रेड पुढे केली. ‘बोटीचे तेल’ म्हणजे महाग डब्यातले मोटारीचेच तेल, असे म्हणणारे अजून आहेत. त्यांनी निदान गंजाच्या चाचणीची अट वाचावी.