डॉलर चण्याचा नमुना वेचून आणू नका

सप्रेम नमस्कार,

आम्ही चणा साफ करून परदेशी पाठवतो. होळी उलटली की आमचा फोन थांबत नाही. देवास-धारचे जुने ग्राहक असोत की बऱ्हाणपूर, रावेर, चोपड्याकडची मंडळी, विचारणा एकच: "नमुन्याचा फोटो टाकलाय, दुबईचा भाव सांगा." फोटोवरून आम्ही भाव सांगत नाही. हातात येणारा नमुनाही बहुतेक वेळा कामाचा नसतो, कारण तो घरी ताटात घेऊन वेचलेला असतो.

डॉलर चण्याचा, म्हणजे काबुलीचा, निर्यातीचा भाव काउंटवर ठरतो, हे तुम्हाला सांगायला नको. एका औंसात, म्हणजे २८.३५ ग्रॅममध्ये, दाणे किती बसतात ते मोजायचे. ४२-४४ म्हणजे टपोरा माल, ५८-६० म्हणजे बारीक. वेचलेल्या पाव किलोचा काउंट ४२-४४ भरतो आणि कट्टे फोडले की ४८-५० निघतो. शिवाय हिरवट, सुरकुतलेले आणि भुंग्याने टोकरलेले दाणे वेगळेच. त्या नमुन्यावर बोलणी झालेली असली, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

इंदूरच्या छावणी मंडीत ढीग समोर असतो. व्यापारी मूठ भरून बघतो, पटले तर घेतो. तुर्कस्तानचा किंवा अल्जीरियाचा खरेदीदार ढीग कधीच बघत नाही. त्याच्या टेबलावर आपला नमुना असतो आणि करारात काउंट, ओलावा, डागी दाणे यांचे आकडे असतात. तिकडे कंटेनर उघडल्यावर फरक निघाला की तो भाव पाडून मागतो. बंदरातले भाडे रोज चढते, वीस फुटी कंटेनरमधला साधारण २४ टन माल परत आणणे कुणालाच परवडत नाही, मग तो म्हणेल ती सूट द्यावी लागते. तो तोटा एका वर्षाचा. पुढच्या वर्षी तो आपल्याला विचारतच नाही, हे जास्त महाग पडते. टपोऱ्या दाण्यासाठी मेक्सिको आणि बारीक मालासाठी रशिया त्याच्यासाठी उघडेच आहेत.

म्हणून नमुना असा काढा. दहापर्यंत कट्टे असतील तर प्रत्येकात परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, घाला. शंभरपर्यंत असतील तर कुठलेही दहा कट्टे घ्या, पण थप्पीच्या वरचे, मधले आणि तळाचेही त्यात यायला हवेत. त्याहून जास्त असतील तर एकूण संख्येचे वर्गमूळ काढा. ४०० कट्ट्यांना २०. निघालेला सगळा चणा ताडपत्रीवर एकत्र करा, पसरवा, हाताने चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, उरलेले दोन बाजूला सारा. पुन्हा तसेच. दोन किलो उरले की थांबा. एकही दाणा वेचू नका, खडाही काढू नका. खडे काढायला आमच्याकडे यंत्र आहे, त्याचेच तर आम्ही पैसे घेतो!

विराट आणि कृपा हे दोन वाण एका थप्पीत मिसळू नका. विराटचा दाणा कृपापेक्षा बराच लहान, त्यामुळे चाळणीवर घट वाढते आणि मग "तुमच्याकडे घट फार लावतात" अशी तक्रार येते. मागच्या वर्षीचा माल नव्यात घालू नका. जुन्याचा रंग उतरलेला असतो आणि रंग बघणाऱ्या यंत्रातून तो लपत नाही. कीड मारायच्या गोळ्या टाकून घरच्या खोलीत माल कोंडू नका, त्यांतून निघणारा वायू जिवावर बेततो. धुरी आम्ही परवानाधारकाकडूनच देववतो. युरोपसाठी माल ठेवायचा असेल तर फवारणीची वही लागेल: औषध, तारीख, मात्रा. तिथे क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची मर्यादा किलोला ०.०१ मिलीग्रॅम आहे, म्हणजे ते मारलेच नाही तर बरे.

आलेल्या नमुन्याचे आम्ही तीन भाग करतो. एक खरेदीदाराला जातो, एक तुमच्या सहीनिशी सीलबंद होऊन आमच्याकडे राहतो आणि एक तुम्ही घरी नेता. यात आपला एक दिवस मोडतो, कबूल. पण उद्या तिकडून तक्रार आली तर तुमच्या बाजूने बोलायला ती सीलबंद पिशवीच असते.

"सगळा माल मार्चमध्येच विकून टाकू का?" असेही बरेच जण विचारतात. आमचे मत, सगळा विकू नका. आखातातली मोठी मागणी रमजानच्या आधी असते आणि रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारीत येतो, म्हणजे आपला नवा चणा मंडीत भरायच्या आत. डिसेंबर-जानेवारीत ज्याच्याकडे कोरडा, एकसारखा माल शिल्लक असेल, त्याचा फोन आधी वाजतो. दरवर्षी तोच काउंट देणारे दहा-बारा शेतकरी एकत्र आले, तर एक कंटेनर त्यांच्याच गावाचा म्हणून भरता येतो. टिहीच्या कंटेनर डेपोपर्यंतची सगळी कागदपत्रे आम्ही बघतो. आयात-निर्यात कोड स्वतःच्या नावावर हवा असेल तर सरकारी फी ₹५०० आहे. अर्ज भरून देऊ. कोड मिळाल्यावर मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करावी लागते, ते विसरू नका.

पहिला नमुना तपासायचे पैसे आम्ही घेत नाही. काउंट आणि ओलावा तुमच्यासमोर मोजतो. ओलावा १० टक्क्यांच्या वर असेल तर माल आणण्याआधी उन्हात टाका, भाडे वाचेल. नमुना सकाळी आणलात तर दुपारपर्यंत निकाल हातात मिळतो. पिशवीत चिठ्ठी टाकायला विसरू नका: गाव, वाण, काढणीचा महिना आणि एकूण कट्टे. रविवारी कारखाना बंद असतो.