ढीग, वजनकाटा आणि बक्षीस

पिकअप ट्रकच्या मागच्या फळीवरून एकेक कोयोट ओढून काट्याला टांगायचा, आकडा मोठ्याने सांगायचा, वहीत लिहायचा आणि पुढचा घ्यायचा. अमेरिकेच्या ग्रामीण भागात हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी अशा स्पर्धा होतात. कोयोट म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान प्राणी. जखमी सशाचा आवाज यंत्रावर वाजवून त्याला जवळ बोलवतात. सर्वांत जास्त मारले त्याला बक्षीस, सर्वांत जड मारला त्याला बक्षीस आणि कुठे कुठे सर्वांत लहान मारला त्यालाही. टेक्सासातल्या बॉबकॅट या रानमांजराच्या स्पर्धेत बक्षिसांची एकूण रक्कम एक लाख डॉलरच्या वर गेलेली आहे. तिथे विजेत्यांना लाय डिटेक्टरवर बसवतात, कारण एवढ्या पैशाला खोटा शिकारीही निघतो.

ही हौस आजची नाही. एकोणिसाव्या शतकात नाताळच्या दिवशी दोन गट पाडून बंदुका घेऊन रानात जायचे आणि संध्याकाळी ज्यांचा ढीग मोठा ते जिंकायचे. या 'साइड हंट'ला कंटाळून पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी 1900 मध्ये सुचवलं की मोजायचंच असेल तर जिवंत पक्षी मोजा. त्या नाताळात 25 ठिकाणी 27 जणांनी पक्षी मोजले. ती गणना आजही दरवर्षी होते.

पेनसिल्व्हेनियातल्या हेगिन्स गावात मात्र 1934 पासून सप्टेंबरात कबुतरं मारण्याची जत्राच भरायची. पेटीतून सोडलेल्या कबुतरावर नेम धरायचा. जे जखमी होऊन पडेल त्याची मान मुरगाळायला गावातली पोरं धावायची. निदर्शनं वाढत गेली ती मुख्यतः या पोरांच्या दृश्यामुळे, असं मला वाटतं. 1999 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोजकांवर क्रूरतेच्या कायद्याखाली कारवाईची वाट मोकळी केली आणि जत्रा बंद पडली.

कोयोटच्या बाबतीत इतकं सोपं नव्हतं. बहुतेक राज्यांत त्याला मारायला वर्षभर मुभा असते, किती मारायचे याला मर्यादा नसते. मेंढपाळांचं म्हणणं साधं आहे: कोकरं जातात, मग कोयोट कमी झालेच पाहिजेत. पण हा प्राणी हट्टी आहे. कळपातली प्रमुख जोडी मेली की इतर माद्या वितात, पिल्लंही जास्त जगतात. शिवाय कोकरू उचलणारा कोयोट कोणता, हे स्पर्धेत कोण बघतो?

ठिणगी पडली ती उत्तर कॅलिफोर्नियातल्या मोडॉक परगण्यात. 2013 च्या फेब्रुवारीत तिथे कोयोट मारण्याची स्पर्धा जाहीर झाली. त्याच भागात ओआर-7 नावाचा लांडगा फिरून गेला होता. राज्यात सुमारे नव्वद वर्षांनी आलेला हा पहिला लांडगा चुकून मारला गेला तर, या धास्तीने विरोध पेटला. डिसेंबर 2014 मध्ये राज्याच्या वन्यजीव आयोगाने अशा शिकारीसाठी बक्षीस देण्यावर बंदी घातली. कोयोट मारण्यावर नाही, बक्षिसावर. पुढचा सगळा वाद याच फरकावर चालला.

मग व्हरमाँटने 2018 मध्ये, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि मॅसॅच्युसेट्सने 2019 मध्ये, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनने 2020 मध्ये असेच निर्णय घेतले. यात ॲरिझोनाची भूमिका मला सर्वांत बोलकी वाटते. तिथल्या आयोगाला काळजी होती शिकारीचीच: या ढिगांचे फोटो बघून लोक चिडले तर उद्या सगळ्याच शिकारीवर गदा येईल. विरोधकांत शिकारी होते ते याच कारणाने. केंद्र सरकारच्या जमिनींवर अशा स्पर्धांना बंदी घालणारं विधेयक 2022 मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

2023 च्या सप्टेंबरात ओरेगॉनने बंदी आणली आणि डिसेंबरात न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी तशाच बंदीच्या कायद्यावर सही केली. तो 1 नोव्हेंबर 2024 पासून लागू आहे. हरीण, अस्वल आणि टर्की यांच्या स्पर्धा त्यातून वगळल्या आहेत. कोयोटचा शिकारी हंगाम तिथे पूर्वीसारखाच ऑक्टोबरात सुरू होतो.