हॅमॉक आणि वादळी हवेतील मुक्काम

हॅमॉक म्हणजे दोन झाडांच्या किंवा खांबांच्या मध्ये टांगलेली, कापडाची अथवा जाळीची झोपण्याची झोळी. आपल्याकडे तान्ह्या मुलासाठी बांधतात ती झोळी रचनेने हिच्या जवळची असली, तरी मोठ्या माणसांनी रोजची रात्र तीत काढणे ही मुळात अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील रीत होय.

हा शब्द कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांच्या ‘हमाका’पासून स्पॅनिशमार्गे आला, हे आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. कोलंबसाच्या १४९२ च्या रोजनिशीत (ती लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने केलेल्या संक्षेपातूनच हाती आली आहे) बहामा बेटांवरील सुती जाळीसारख्या शय्यांचा उल्लेख आहे, तर ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराच्या १५३५ च्या ग्रंथात त्यांचे सविस्तर वर्णन येते. ‘हमाक’ नावाच्या झाडाच्या सालीवरून हे नाव पडले, या लोकप्रिय समजुतीला तितका सबळ आधार नाही. डच ‘हांगमाट’ म्हणजे ‘टांगती चटई’ हे रूपही मूळ शब्दाला नंतर दिलेले वळण आहे. ‘हरिकेन’ (चक्रीवादळ) हा शब्दही बहुधा टाइनोच. काहींनी त्याचा संबंध मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या हुराकान या दैवताशी जोडला आहे. मेक्सिकोच्या युकातान भागातील माया लोक पूर्वीपासून हॅमॉक वापरत होते का, याविषयी मात्र मतभेद आहेत. सोळाव्या शतकात लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने त्यांच्या काठ्यांच्या पलंगांचे वर्णन केले असल्यामुळे तेथे हॅमॉकचा सर्रास प्रसार स्पॅनिश अमलात झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

इंग्लंडच्या नौदलाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस हॅमॉक स्वीकारले. खवळलेल्या समुद्रात जहाज कलंडले, तरी झोळी ओळंब्यासारखी सरळ लोंबत राहते आणि झोपलेला माणूस फेकला जात नाही.

जमिनीवरील वादळात प्रश्न वेगळे असतात. झोळीचा पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूला सुमारे वजनाइतकाच ताण पडतो. तो १० अंशांवर आणल्यास ताण जवळजवळ तिप्पट होतो. म्हणून झोळी ताठ बांधणे, तेही हेलकावणाऱ्या झाडांना, धोक्याचे ठरते. वर ताडपत्री ताणून वाऱ्याकडील कड जमिनीलगत आणतात व तणावे खुंट्यांना पक्के करतात. तरीही पाणी आत शिरण्याची वाट राहतेच: खोडावरून ओघळणारा पाऊस पट्ट्याच्या खालच्या कडेने थेंबाथेंबाने झोळीपर्यंत पोहोचतो. पट्ट्याला ताडपत्रीच्या आत सुतळीचा तुकडा बांधून लोंबत सोडला, की थेंब तेथे थबकतो आणि सुतळीवरून खाली गळतो. खालून वाहणारा वारा पाठीची ऊब नेतो. अंगाखाली दबलेले पांघरूण निरुपयोगी ठरत असल्याने रजई झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगावी लागते.

चिखल आणि वाहते पाणी यांपासून हॅमॉक चांगले वाचवते. झाडापासून मात्र वाचवत नाही. वाळलेल्या फांद्या तुटून पडणे आणि भिजून सैल झालेल्या मातीतून झाड उन्मळणे हे धोके कोणत्याही गाठीने टळत नाहीत, म्हणून झोळी बांधण्यापूर्वी मान वर करून शेंडा नीट पाहणे अत्यावश्यक आहे. झाडावर पडलेली वीज खोडाजवळच्या माणसाकडे झेपावू शकते आणि मुळांलगतच्या जमिनीतूनही पसरते. ताडपत्री विजेपासून कसलेच संरक्षण देत नाही. गडगडाट ऐकू येताच झोळी तशीच सोडून पक्की इमारत किंवा धातूच्या टपाची बंद मोटार गाठावी. सह्याद्रीत एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसात विजा जोरात होतात, तेव्हा कड्यालगतच्या तुरळक झाडांना झोळी बांधू नये.