युरोपा वेगळी, सांबा पा ती वेगळी

कार्लोस सँटानाच्या गिटारवर जीव असलेल्या माणसांची आपल्याकडे वाण नाही. कॉलेजात असताना कॅसेटी झिजेपर्यंत ऐकलेली पिढी आता निवृत्तीला आली, पण ते सूर कानात पडले की अजून हातातलं काम थांबतं. आणि तरीही दर काही दिवसांनी कुणीतरी शाळेच्या, कॉलेजच्या ग्रुपवर त्याची 'सांबा पा ती' ही धून पाठवतं आणि वर त्याच्याच दुसऱ्या धुनेचं नाव लिहितं, 'युरोपा! काय दिवस होते ते!' खाली धडाधड बदाम पडतात. कुणालाच काही खटकत नाही. कधी उलटं होतं, 'युरोपा'ला सांबा म्हटलं जातं. ज्या सुरांवर आपण इतकं प्रेम करतो, त्यांना निदान त्यांच्या नावाने हाक मारावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

हा घोळ आजचा नाही. आमच्या वेळी गाणी भरून देणारी दुकानं असायची. यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी न्यायची. मी अशी भरून घेतलेली एक कॅसेट अजून माझ्याकडे आहे. तिच्या कार्डावर निळ्या शाईत ठसठशीत 'युरोपा' लिहिलंय आणि आत पहिल्या स्वरापासून सांबा वाजते. मूळ कॅसेट हवी तर मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसला जावं लागायचं (ते दुकानही २०१६ मध्ये बंद झालं), आणि तेवढे पैसे प्रत्येकाकडे नसायचे. त्यामुळे अशा चुकीच्या कार्डांवर अख्खे मित्रपरिवार वाढले. तेव्हाचं एक वेळ समजू शकतो. आता फोनवर दोन्ही धुना समोरासमोर ठेवता येत असताना तीच चूक पुढच्या पिढीकडे जाते, ते मात्र पटत नाही.

सटरफटर फरक आधी उरकून टाकू. सांबा १९७० च्या 'अब्राक्सस' या अल्बमवरची, एकट्या कार्लोसची रचना, पावणेपाच मिनिटांची. युरोपा १९७६ च्या 'अमिगोस'वरची, कार्लोस आणि कीबोर्डवाला टॉम कोस्टर या दोघांची, पाच मिनिटांची. मधल्या सहा वर्षांत बँड जवळजवळ अख्खा बदलला. 'अब्राक्सस'वर ऑर्गन वाजवणारा ग्रेग रोली तोवर बाहेर पडून 'जर्नी' या बँडमध्ये गेला होता, ड्रम्सवर मायकेल श्रीव्हच्या जागी लिऑन 'एन्डुगू' चान्सलर आला होता. दोन्हीकडे सापडणारा कार्लोसखेरीजचा माणूस म्हणजे बासवाला डेव्हिड ब्राऊन. एवढं पुरे. दोन्ही धुनांवर सर्रास वुडस्टॉकचा फोटो चिकटवलेला असतो, तेही चूक. वुडस्टॉक हा अमेरिकेतला संगीत महोत्सव १९६९ चा, या दोन्हींच्या आधीचा.

युरोपा तुम्हाला माहीत आहे, हे मी धरूनच चालतो. तो लांबच लांब धरलेला स्वर, ज्याच्यापुढे सगळा बँड श्वास रोखून थांबतो, तो युरोपातला. मैफलीत कार्लोस तो वाटेल तितका लांबवतो. गिटारची तार एकदा छेडली की खरं तर आवाज विरत जातो, पण अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) पुरेसा मोठा असेल आणि वाजवणारा त्याच्यासमोर नेमक्या जागी उभा असेल, तर अ‍ॅम्पमधून आलेला आवाजच तारेला पुन्हा हलवत राहतो. स्वर विरायचं नावच घेत नाही, गज ओढल्यासारखा चालू राहतो. कार्लोसचे वडील होसे हे मारियाची या मेक्सिकन लोकसंगीताच्या परंपरेतले व्हायोलिनवादक आणि लहानपणी कार्लोसही आधी व्हायोलिनच शिकला. त्या स्वरात मला ते शिक्षण ऐकू येतं. असो. या स्वराबद्दल सगळे बोलतात, त्यामुळे मी इथे थांबत नाही.

अडतं कुठे, ते सांगतो. लोक या दोघींना ओळखायला दोन कसोट्या लावतात आणि दोन्ही फसतात. पहिली कसोटी: 'उदास असेल ती युरोपा.' पण जुन्या आठवणींच्या कानाने ऐकलं तर दोन्ही उदासच वाटतात, मग करायचं काय? दुसरी: 'मध्येच वेग धरते ती सांबा.' हीही पुरी पडत नाही, कारण युरोपाच्याही शेवटच्या भागात पर्कशन चढतं आणि गिटार धावायला लागते. ज्याने दुवा उघडून नेमका शेवट ऐकला, तो हमखास चुकतो.

खरा फरक आहे षड्जाचा, म्हणजे 'सा'चा. धून षड्जाशी कशी वागते, यात सगळं आलं. पेटीवर बोटं फिरवलेल्या कुणालाही हे पाच मिनिटांत कळेल.

युरोपाचा षड्ज पांढरी एक, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी. तिचे सूर आसावरी थाटाचे, म्हणजे गंधार, धैवत, निषाद कोमल. पण धून षड्जावर सुरू होत नाही. पहिली कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांचा जुडगा) मध्यमाची आहे. तिथून बास, म्हणजे कॉर्डचा सगळ्यात खालचा सूर, एकेका मापाला (चार मात्रांचं एक माप) पुढे सरकतो: मध्यम, कोमल निषाद, कोमल गंधार, कोमल धैवत, रिषभ, पंचम आणि मग कुठे षड्ज. पेटीवर हे सूर ओळीने दाबून पाहा. प्रत्येक सूर आधीच्याचा मध्यम आहे. फक्त कोमल धैवतावरून रिषभावर जाताना ते अंतर तीव्र मध्यमाचं होतं, कारण तिथे शुद्ध मध्यमाने गेलो तर आपण थाटाबाहेर पडलो असतो. थाटातले सातही सूर एकेकदा येतात आणि षड्ज सगळ्यांच्या शेवटी. त्याच्या आधी पंचमाच्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद डोकावतो आणि षड्जाची ओढ आणखी वाढवतो. सहा मापं वाट पाहिल्यावर सातव्यात षड्ज मिळतो आणि लगेच आठव्या मापात त्याच कॉर्डमध्ये शुद्ध गंधार घुसतो. तो शुद्ध गंधार म्हणजे मध्यमाकडे परत चला असा इशारा. टेकलो न टेकलो, की चक्र पुन्हा सुरू.

युरोपा ऐकताना जी हुरहूर लागते ती इथून येते. गिटारच्या आवाजातून नव्हे, तंद्रीतून नव्हे, तर या चक्रातून. धून आपल्याला विसाव्याची जागा दाखवते, नेऊन पोचवते आणि बसू देत नाही. म्हणूनच ती सॅक्सोफोनवरही तितकीच भिडते. गातो बार्बिएरीने १९७६ मध्येच 'कालिएंते' या अल्बमवर ती सॅक्सोफोनवर वाजवली आणि कित्येकांना तीच मूळ वाटते. ती मूळ नाही, पण उत्तम आहे. वाद्य बदललं तरी चक्र तेच राहतं. आणि हे चक्र काही सँटानाच्या घरचं नाही. 'ऑटम लीव्हज' या जुन्या गाण्यात तेच आहे, गिटारवादक गॅरी मूरच्या 'स्टिल गॉट द ब्लूज'मध्येही तेच. त्यामुळे या तिघांपैकी काहीही ऐकून 'हे कुठेतरी ऐकलंय' असं वाटलं, तर तुमचा कान बरोबर आहे.

आता सांबा. तिचा षड्ज पांढरी पाच, सूर उजळ. पूर्वार्धात गिटार बोलल्यासारखी वाजते. एक वाक्य, मग जागा, मग दुसरं वाक्य. मधल्या जागा भरायची तिला घाई नाही, आणि ग्रेग रोलीचा ऑर्गन त्या जागा नुसत्या तोलून धरतो. इथवरच ऐकलं तर युरोपाशी गल्लत होईल हे मी मान्य करतो. दोन्ही संथ, दोन्हींत एकटी गिटार पुढे. पण साधारण मध्यावर सांबा चाल बदलते. ड्रम्स दुप्पट चालीत येतात, कोंगा (हाताने वाजवायचे उंच ढोल) वर येतात आणि कॉर्डचा सगळा पसारा आवरून फक्त दोनच उरतात: षड्जाची आणि तिच्या शेजारची रिषभाची. सा, रे, सा, रे. शेवटपर्यंत तेवढंच.

या दोन कॉर्ड नीट बघण्यासारख्या आहेत. पहिलीत सा, ग, प, नि. दुसरीत रे, म, ध, सा. सगळे शुद्ध. म्हणजे बिलावल थाटाचे सातही सूर या दोघींनी आपसांत वाटून घेतलेत आणि एकच सूर दोघींकडे आहे, तो षड्ज. कॉर्ड बदलते, षड्ज हलत नाही. युरोपात जो सहा मापं थांबल्यावर मिळतो आणि निसटतो, तो इथे जातच नाही. गिटारला कुठे पोचायचं नाही, त्यामुळे ती मोकळी फिरते, आलापातून द्रुतात गेल्यासारखी. पूर्वार्धातली धून मग परत येत नाही. वाजवता वाजवताच आवाज मंद होत ट्रॅक संपतो.

खात्री करायची असेल तर फोनवर तानपुरा लावा. पांढरी पाचवर लावून सांबाचा उत्तरार्ध ऐका. तानपुऱ्याचा षड्ज दोन्ही कॉर्डखाली बिनबोभाट बसतो, जणू मूळ ध्वनिमुद्रणातच होता. मग पांढरी एकवर लावून युरोपा ऐका. तानपुरा मध्यमाच्या कॉर्डला जुळतो, पुढच्याच कोमल निषादाच्या कॉर्डला घासतो, मध्ये काही वेळ चालून जातो आणि पंचमाच्या कॉर्डमधला शुद्ध निषाद आला की षड्जाशी सरळ भांडतो. तो निषाद आणि तानपुऱ्याचा षड्ज यांच्यात अर्ध्या स्वराचं अंतर असतं. ते भांडण एकदा कानाने ऐकलं, की या दोघींत परत कधी गल्लत होणार नाही.

म्हणून मी म्हणतो की सांबा उदास नाही. तिच्या सुरांत तक्रार नाही, ओढाताण नाही. ती ऐकताना आपल्या घशाशी जे दाटून येतं ते आपलं आहे: ती जुनी खोली, ते मित्र, दोन स्पीकरांच्या मध्ये जमिनीवर लोळत ऐकलेल्या दुपारी. युरोपा आपल्याला हुरहूर देते, सांबा आपली हुरहूर आत घेते. मला विचाराल तर सांबाच मोठी. युरोपावर माझं प्रेम आहे, पण तिचं सामर्थ्य बांधणीत आहे आणि ती बांधणी दुसऱ्या कुणी वाजवली तरी बरीचशी टिकते. सांबाचा उत्तरार्ध दुसऱ्या कुणी वाजवला की दोन कॉर्ड तेवढ्या उरतात. तिथे सगळं त्या एका माणसाच्या बोटांवर आहे.

आणि याच कारणाने मला त्या अर्धवट कापलेल्या सांबाचा राग येतो. 'शांत झोपेसाठी गिटार' वगैरे नावांच्या संग्रहांत ती पूर्वार्धापाशी तोडलेली असते. हौशी गिटारवालेही धून संपली की शेवटची कॉर्ड वाजवून टाळ्या घेतात. पूर्वार्ध एकटा वाजवला की तो खरोखरच युरोपाच्या धाकट्या बहिणीसारखा वाटू लागतो, आणि लोकांचा घोळ पुष्कळसा इथेच जन्मतो. धून वाजवून झाल्यावर ज्या मोकळेपणात ती जाते, तो मोकळेपणाच काढून टाकला तर सांबा उरली कुठे?

जाता जाता तिसरीचं नाव घ्यायला हवं, कारण हल्ली तीही या गल्लतीत ओढली जाते. 'फ्लोर द लुना', म्हणजेच 'मूनफ्लॉवर'. ती १९७७ च्या 'मूनफ्लॉवर' या दुहेरी अल्बमवरची, रचना टॉम कोस्टरची. त्याच अल्बमवर युरोपाही आहे, पण मैफलीत वाजवलेली, त्यामुळे शोधताना दोन्ही एकदम समोर येतात. ही मैफलीतली युरोपा मला 'अमिगोस'वरच्या युरोपापेक्षा जास्त आवडते. बँड सैल झालेला असतो, कार्लोस चक्राच्या प्रत्येक फेरीत थोडा जास्त धीट होतो. सांबाच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. 'अब्राक्सस'वरचीच घ्या, मोठ्या स्पीकरवर लावा, आणि आवाज मंद होत पूर्ण जाईपर्यंत पुढचं गाणं लावू नका.