पीएच.डी. प्रबंधाची वाङ्मयचौर्य तपासणी: नियम, कागदपत्रे आणि तक्रार झाल्यास पुढची प्रक्रिया

प्रबंध सादर करायची वेळ आली की संशोधक विद्यार्थी सगळ्यात आधी विचारतात, "दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर किती टक्के चालतो?" दहा टक्क्यांपर्यंत, हे उत्तर बरोबर असले तरी अर्धेच आहे. या अर्ध्या उत्तरावर विसंबून अनेक जण शेवटच्या महिन्यात वाक्ये इकडची तिकडे करत बसतात. म्हणून नियमात नेमके काय लिहिले आहे ते आधी पाहू.

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, जुलै २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंधाची नियमावली अधिसूचित केली. ती देशातल्या सर्व उच्च शिक्षण संस्थांमधील विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक आणि कर्मचारी यांना लागू आहे. पदव्युत्तर व संशोधन पदवीसाठी दिलेला प्रबंध किंवा लघुप्रबंध, शोधनिबंध, पुस्तक आणि पुस्तकातले प्रकरण हे सगळे तिच्या कक्षेत येते. वर्गातल्या असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका येत नाहीत. त्यामुळे बी.ए. किंवा बी.कॉम.च्या प्रकल्पासाठी कोणी या नियमावलीचा धाक दाखवत असेल, तर तो त्या महाविद्यालयाचा स्वतःचा नियम समजावा.

मोजताना काय वगळतात

श्रेय देऊन अवतरणचिन्हात घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सर्वसामान्य संज्ञा, कायद्यातील तरतुदी, प्रमाणित चिन्हे आणि समीकरणे साम्याच्या मोजणीतून वगळली जातात. सर्वसामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेली सलग १४ शब्दांपर्यंतची रचनाही धरत नाहीत. तपासणी सॉफ्टवेअरने दिलेला साम्याचा अहवाल हातात आला की या गोष्टी खरोखर वगळल्या आहेत का, ते आधी तपासा. संदर्भसूची मोजली गेल्याने टक्केवारी फुगलेली असू शकते. अशा वेळी प्रबंधातला एकही शब्द न बदलता योग्य वगळणुकीसह पुन्हा अहवाल मागावा.

दुसरी तरतूद मात्र फारच थोडे विद्यार्थी वाचतात. सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निकाल, निष्कर्ष आणि शिफारशी हा भाग स्वतःच्या कल्पनेवर आधारलेला असावा आणि त्यात साम्य नसावे, असे नियमावली सांगते. एकूण आकडा सहा टक्के आला, पण ते सहा टक्के निष्कर्षाच्या प्रकरणातले असतील, तर आकडा लहान असूनही प्रश्न गंभीर आहे. माझ्या मते मार्गदर्शकांनी अहवालाच्या पहिल्या पानावरची टक्केवारी पाहून सही करू नये. जुळलेला म्हणून रंगवलेला मजकूर कोणत्या प्रकरणात आहे, हे पान उलटून पाहावे.

तपासणी आणि कागदपत्रे

तपासणी संस्थेमार्फतच करून घ्यावी. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा 'शोधशुद्धी' हा उपक्रम सप्टेंबर २०१९ पासून विद्यापीठांना तपासणीचे सॉफ्टवेअर पुरवतो. बहुतेक ठिकाणी हे काम विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे असते. बाहेरच्या दुकानात किंवा फुकटच्या संकेतस्थळावर प्रबंध चढवू नका. तिथे मजकूर साठवला गेला, तर पुढच्या अधिकृत तपासणीत तुमचाच प्रबंध दुसऱ्याचा म्हणून जुळू शकतो.

सादर करताना प्रबंधाची सॉफ्ट कॉपी, साम्य अहवाल, 'हे काम माझे स्वतःचे, मूळ आणि वाङ्मयचौर्यमुक्त आहे व त्याची तपासणी झाली आहे' असे विद्यार्थ्याचे हमीपत्र आणि मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र लागते. अर्जाचा नमुना आणि शुल्क विद्यापीठागणिक वेगळे असते, त्यासाठी पीएच.डी. विभागाचे परिपत्रक पाहावे. पदवी मिळाल्यावर महिन्याभरात संस्थेने प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात ठेवण्यासाठी इन्फ्लिबनेटला पाठवायचा असतो. तो एकदा तिथे गेला की कोणीही वाचू शकतो, आणि चोरी वर्षांनंतरही उघड होऊ शकते.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी तो युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर यंत्राला मराठी म्हणून वाचताच येत नाही, त्यामुळे शून्य टक्के येऊ शकतात. त्या शून्याला काहीच अर्थ नाही. इंग्रजी किंवा हिंदी ग्रंथातला उतारा भाषांतर करून श्रेय न देता वापरला, तर सॉफ्टवेअरच्या नजरेतून तो बहुधा सुटतो. तरीही ती चोरीच आहे, आणि विषय जाणणारा परीक्षक ती ओळखतो. स्वतःचा आधी छापलेला लेख उल्लेखाशिवाय नवे काम म्हणून वापरणेही मान्य नाही. यूजीसीने एप्रिल २०२० च्या सूचनेत ते स्पष्ट केले आहे.

तक्रार आली तर

शैक्षणिक वर्तुळातील कोणीही पुराव्यासह विभागाच्या शैक्षणिक सचोटी समितीकडे तक्रार करू शकतो. ही तीन जणांची समिती असते: अध्यक्षस्थानी विभागप्रमुख, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ अध्यापक आणि तपासणी सॉफ्टवेअरची जाण असलेली एक व्यक्ती. तिने ४५ दिवसांत अहवाल संस्थेच्या समितीकडे द्यायचा असतो. त्या चार जणांच्या समितीत एक सदस्य संस्थेबाहेरचा असतो, आणि तिलाही ४५ दिवसांचीच मुदत आहे. दोन्ही समित्यांचा अध्यक्ष एकच असू शकत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला संस्थेच्या समितीच्या अहवालाची प्रत मिळते. दोष निःसंशय सिद्ध झाल्यावर, बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिल्यावर आणि अपिलाचे सर्व मार्ग संपल्यावरच दंड करता येतो. हा तुमचा हक्क आहे, तो लेखी मागा.

प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या, जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. पदवी मिळून गेल्यावर चोरी सिद्ध झाली, तर ती पदवी समिती सुचवेल तितका काळ स्थगित ठेवली जाते.

प्राध्यापकांच्या प्रकाशनांनाही हेच टप्पे आहेत. १० टक्क्यांच्या वर गेल्यास लेख मागे घ्यावा लागतो. ४० च्या वर त्याशिवाय एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षे नवा विद्यार्थी घेता येत नाही. ६० च्या वर सलग दोन वेतनवाढी आणि तीन वर्षे. दुसऱ्यांदा सापडल्यास पुढच्या टप्प्याची शिक्षा होते. तक्रार संस्थाप्रमुखाविरुद्धच असेल, तर कारवाई त्याच्या वरच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याने करायची असते.