एका माउंटवर दोन दुर्बिणी : मागची गोष्ट

माउंट म्हणजे दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणारी बैठक. तिच्यावरच्या मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर, तारा धरून ठेवणारी छोटी दुर्बीण बसवलेली पाहिली की ती डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळातली सोय वाटते. पण ही जोडी फोटोच्या काचेच्या प्लेटांच्या जमान्यापासून चालत आलेली आहे.

1882 साली महाधूमकेतू आला, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या केप वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांनी पोर्ट्रेट काढायचा साधा कॅमेरा दुर्बिणीच्या बांध्यावर बांधला. दुर्बिणीतून डोळ्याने धूमकेतू धरून ठेवायचा आणि तेवढा वेळ कॅमेऱ्यातल्या प्लेटवर प्रकाश साठू द्यायचा. धूमकेतू तर उमटलाच, शिवाय मागे इतके तारे उमटले की तारकासूचीच छायाचित्रांवरून करावी, असे गिल यांनी ठरवले.

पॅरिसमध्ये पॉल आणि प्रॉस्पर आंरी या भावांनी याच कल्पनेला पक्के रूप दिले. 33 सेंमीचे भिंग प्लेटसाठी, 24 सेंमीचे डोळ्यासाठी. त्या काळच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद देत. म्हणून मोठे भिंग निळ्यासाठी घासलेले, आणि त्यातून डोळ्याला नीट दिसत नसे. मला मात्र त्यांच्या नळीचे अप्रूप वाटते. दोन्ही भिंगे एकाच चौकोनी धातूच्या नळीत होती. एक कलले तर दुसरेही तेवढेच कलणार! 1887च्या पॅरिस परिषदेने आकाशाच्या नकाशासाठी हाच नमुना निवडला.

या नळीचे मोल मला घरच्या वेधशाळेत कळले. गाइडिंगचा, म्हणजे छोट्या दुर्बिणीने (गाइडस्कोपने) तारा धरून माउंटची चाल सुधारत राहण्याचा, आलेख सपाट, तरी दहा मिनिटांच्या फोटोत तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. दोष निघाला गाइडस्कोपच्या फोकसरच्या (फोकस जुळवणाऱ्या भागाच्या) एका सैल स्क्रूत. एक मीटर फोकल लेंथच्या दुर्बिणीत एक कोनीय सेकंद (अंशाचा 3600वा भाग) म्हणजे सेन्सरवर जेमतेम 5 मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग); म्हणून एवढासा सैलपणाही पुरतो. माउंट गाइडस्कोपचे ऐकत होता आणि मुख्य दुर्बीण तेवढी वेगळीकडे कलत होती. म्हणूनच बरेच जण आता मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश बाजूला वळवणारा ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर वापरतात.

दुसऱ्या दुर्बिणीने स्वतः फोटो काढायचा, हीही जुनीच रीत. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये खगोलशास्त्रज्ञ मॅक्स वोल्फ यांना 1900च्या सुमारास 40 सेंमीच्या दोन भिंगांची जोडदुर्बीण मिळाली. एकच भाग एकाच वेळी दोन प्लेटांवर टिपला की अंधूक ठिपका लघुग्रहाचा की प्लेटमधल्या दोषाचा, हे कळते. दोष दोन्हींवर एकाच जागी येत नाही.

आज दोन सारख्या दुर्बिणी शेजारी-शेजारी बसवतात त्या प्रकाश दुपटीने गोळा करायला, किंवा एकीवर हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा येऊ देणारा) फिल्टर आणि दुसरीवर रंगीत कॅमेरा लावायला. यात डिदरिंग, म्हणजे दोन फोटोंच्या मधे माउंट मुद्दाम किंचित सरकवणे, सांभाळावे लागते: सरकवायचा तर दोन्ही कॅमेऱ्यांचे एक्स्पोजर आधी संपलेले हवे, नाहीतर एकाची फ्रेम वाया जाते. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी हीच वाट पुढे नेली. ड्रॅगनफ्लाय या यंत्रात 400 मिमीच्या टेलिफोटो लेन्स एकाच दिशेने रोखलेल्या आहेत; आधी मोजक्या होत्या, पुढे 48 झाल्या.